सहाव्या गाण्याची जागा

फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार. रक्कम दहा अमेरिकन डॉलर, म्हणजे छत्तीस दिरहम सत्तर फिल्स, त्या वेळच्या भावानं सव्वाचारशे रुपयांच्या आसपास. हजर तिघं: मी, आमच्याच बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा निखिल, आणि आई. आम्ही काय करतोय ते आईला माहीत नव्हतं. ती ओट्यापाशी वसईहून आलेले सुके बोंबील साफ करत होती आणि जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं एक नोट कार्बन पेपरमध्ये गुंडाळत होतो. पाकीट उजेडासमोर धरलं तरी आतली नोट दिसू नये म्हणून कार्बन. ही युक्ती आम्हाला जगभरच्या अशाच, पोस्टानं गाणी मागवणाऱ्या मुलांनी पत्रांतून शिकवली होती. कार्बन पप्पांच्या ऑफिसचा होता, वापरलेला. त्यावर कुठल्या तरी बिलातली अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांची मापं उमटलेली होती, त्यामुळे पोलंडला गेलेल्या आमच्या पहिल्या आणि शेवटच्या पाकिटात दहा डॉलरबरोबर शारजातल्या कोणाच्या तरी बेडरूमच्या खिडकीची लांबीरुंदीही गेली.

घरी इंटरनेट नव्हतं. दुकानांत जे संगीत मिळे त्यात आम्हाला हवं ते नसे. निखिलच्या पुण्यातल्या मामेभावानं एका कॅसेटवर निरनिराळ्या बँडची गाणी भरून पाठवली होती आणि तिच्या शेवटी, टेप संपता संपता, ह्या पोलिश बँडचं अर्धं गाणं होतं. अर्धंच, कारण टेप तिथे संपली. बँडचं नाव आम्हाला उच्चारता येत नसे, आम्ही त्यांना 'पोलंडवाले' म्हणत असू. ते फार कोणाला माहीत होते असं नाही; आजही नाहीत. पण त्या अर्ध्या गाण्यात खाली ड्रम कोसळत होते, एक माणूस घसा फाडून ओरडत होता, आणि त्या सगळ्याच्या वरून दोन गिटार इतक्या सावकाश, इतक्या गोड चालीत जात होत्या की खाली काय चाललंय ह्याचा त्यांना पत्ताच नसावा. कॅसेटबरोबर पत्त्याच्या पानाएवढी एक झेरॉक्स चिठ्ठी आली होती. तिच्यावर नवा आल्बम, आठ गाणी, दहा डॉलर आणि एक पत्ता.

शारजातलं आमचं घर तेव्हा दोन खोल्यांचं. खिडकीतला एसी असा घरघरायचा की बंद झाला की कान दुखत. सकाळी आई खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, शेगडीवर फुगवायची, पप्पांच्या डब्यात त्याबरोबर कोलंबीचं सुकं आणि कांदा. पप्पा औद्योगिक क्षेत्रातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात अकाउंटंट होते. त्यांच्या केबिनच्या भिंतीपलीकडे पंचिंगचं मशीन होतं, ते दिवसभर पत्र्याला भोकं पाडायचं. त्यामुळे घरी आल्यावर त्यांना शांतता लागे, आणि ती मिळाली की ते त्या शांततेत बसून रहात. हिशेबाचे पक्के होते. टॅक्सीवाल्यानं चुकून एक दिरहम जास्त परत दिला तर टॅक्सी गेलेल्या दिशेला बराच वेळ बघत उभे रहायचे. माझी बायको म्हणते की मीही तसाच उभा रहातो. असेल.

आईचा सगळा जीव गाण्यात. चर्चमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या गायनात ती पहिल्या रांगेत. शुक्रवार हाच इथला रविवार, महिन्यातून एकदा मराठीत मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, होई आणि तिच्या आधीचे आठ दिवस घरात भांडी घासताना, इस्त्री करताना चाली चालू असत. पप्पा चर्चमध्ये कधीच गात नसत. पुस्तक उघडून योग्य पानावर धरायचे आणि ओठ मिटलेले. लहानपणी मला वाटे की त्यांना गाता येत नाही.

माझ्यानंतर आईपप्पांना एक मुलगी झाली होती. रोझी. ती हॉस्पिटलातून घरी आलीच नाही. मी तेव्हा इतका लहान होतो की मला फक्त आईची दारात ठेवलेली बॅग आठवते. घरात तिचं नाव कोणी घेत नसे, फोटोही नव्हता. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आम्ही तिघं दफनभूमीत जायचो. आई मेणबत्ती लावून प्रार्थना म्हणायची. पप्पा घरून बाटलीत पाणी न्यायचे आणि तो लहानसा दगड धुवायचे, अक्षरांच्या खाचांतली वाळू बोटानं काढून. मग रुमालानं पुसायचे. येताना गाडीत कोणी बोलत नसे. मी ते तसंच असतं असं धरून चाललो होतो.

मला जूनअखेर जायचं होतं. मुलगा अठराचा झाला की बापाच्या व्हिसावर त्याला रहाता येत नसे. शिकत असला तर गोष्ट वेगळी, पण इथल्या कॉलेजची फी ऐकून पप्पांनी कागद उलटा घालून ठेवला होता. बारावी झाली की वसई, काकांचं घर, तिथलं कॉलेज. ज्या देशात मी वाढलो तिथे परत येईन तर पाहुणा म्हणून. हे मला माहीत होतं आणि मी त्याबद्दल बोलत नसे. मी फक्त दर दोन दिवसांनी पप्पांना विचारी, "माझं पार्सल आलं?"

इथे घरी पोस्टमन येत नाही. पत्रं येतात ती पोस्टातल्या पेटीच्या क्रमांकावर, आणि आमची पेटी म्हणजे पप्पांच्या कंपनीची पेटी. मी त्या पोलंडवाल्यांना कंपनीचाच पत्ता दिला होता, दुसरा नव्हताच. मार्च गेला, परीक्षा झाल्या, एप्रिल गेला. मेही गेला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पप्पा एक पिवळी चिठ्ठी घेऊन आले.

"विल्सन, हे काय मागवलंयस?"

"कॅसेट. गाण्यांची."

"गाण्यांची कॅसेट तपासणीत का अडकली?"

मी म्हटलं की सगळ्याच अडकतात. ते अर्धं खरं होतं.

पार्सल तपासण्याची खोली पोस्टाच्या मागच्या बाजूला होती. टेबलामागे पांढऱ्या कंदुऱ्यातला, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातला, एक स्थानिक अधिकारी, चाळिशीचा, शांत. त्याच्यासमोर कॅसेट डेक आणि एक जाड काळा मार्कर. आमची कॅसेट उघडून ठेवलेली होती. कव्हरवर दफनभूमीतला संगमरवरी देवदूत, पंख तुटलेला, अंगावर फारसे कपडे नाहीत, आणि वर बँडचं नाव, वाळक्या काटक्यांची मोळी विस्कटल्यासारखं. त्यानं आधी कव्हर बघितलं, मग पप्पांकडे, मग बटण दाबलं. आधी साधी गिटार, पाण्याचा आवाज. त्याचा चेहरा सैल झाला. मग ड्रम आले आणि तो माणूस ओरडला. अधिकाऱ्यानं खुर्ची मागे सरकवली.

"ये आदमी क्यूं चिल्लाता है? बीमार है?"

"म्यूझिक है, सर," पप्पा म्हणाले.

"ये म्यूझिक?"

"सर, मैं अकाउंटंट हूँ. मेरे को भी नया है."

तो हसला. टेप बंद करून त्यानं एक छापील कागद पुढे केला. ह्या वस्तूत धर्माच्या किंवा नीतीच्या विरुद्ध काही नाही, असं मी पेटीधारकाच्या वतीनं लिहून देतो. खाली सही, कंपनीचा शिक्का. लोक ह्या कागदावर सही करतात आणि वस्तू घेऊन जातात, एवढंच असतं ते. मी पेन काढून पप्पांसमोर धरलं. पप्पांनी कागद वाचला. परत वरपासून वाचला.

"ह्यात काय आहे ते मला माहीत नाही," ते मला मराठीत म्हणाले. "तुला माहीत आहे?"

"पोलिश आहे. कोणालाच माहीत नाही."

"मग सही कशी करू?"

"पप्पा, सगळे करतात."

ते अधिकाऱ्याकडे वळले. "सर, पहले पढ़ना पड़ेगा. पढ़ के लिख के लाता हूँ."

अधिकाऱ्यानं थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं. अशी अडचण घेऊन त्याच्याकडे कोणी आलं नसावं. मग उठून त्यानं स्वतः कव्हरच्या आतल्या शब्दांच्या पानांची झेरॉक्स काढून दिली. "अगले हफ्ते. इन्शाल्ला," म्हणाला. त्या आठवड्यानंतरच्या आठवड्यात माझं विमान होतं.

पोलिश येणारी एकच व्यक्ती आमच्या ओळखीत होती. हालिना आंटी. उंच, भुरे केस, इंग्रजी मिस्सेच्या गायनात खालचा आवाज लावायची, तिचा नवरा जहाजदुरुस्तीच्या कंपनीत इंजिनियर. आईशी तिची मैत्री चर्चच्या की-बोर्डवरून झाली होती, दोघींना एकच की-बोर्ड लागायचा म्हणून आधी भांडण आणि मग मैत्री. शुक्रवारी मिस्सा झाल्यावर आईनं तिला घरी आणलं. आईनं आधीच तयारी केली होती: चहा, मैद्याचे तळलेले फुगे, वसईची सुकेळी, आणि भिंतीवरच्या क्रूसाखाली एक जादा मेणबत्ती, न जाणो काय निघेल म्हणून. पप्पा फूलस्कॅप कागद आणि पेन्सिल घेऊन बसले. हालिना आंटीनं सुकेळं तोंडात टाकलं, "अंजीर?" असं विचारलं, आई म्हणाली, "नो नो, बनाना," आणि ती आणखी दोन खाऊन मग चष्मा लावून बसली. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, मी ते मराठीत लिहितोय.

"पहिलं," ती म्हणाली. "नदी. नदी गोठलीय आणि हा पलीकडे जाऊ शकत नाही."

पप्पांनी लिहिलं: नदी.

"दुसरं. लांडगे. तिसरं, तलवार, रक्त, आणखी रक्त." ती हसायला लागली. "एकोणीस-वीस वर्षांची पोरं आहेत. ह्यांना आपल्या आजीला घाबरवायचंय. आणि आजीनं ह्यांना सूप पाजून झोपवलं असणार."

"सैतान आहे का?" आईनं विचारलं.

"अजून नाही आला. चौथ्यात जंगल आहे. पाचवं नुसतं वाद्यांचं आहे, शब्द नाहीत."

पप्पांनी पाचव्यापुढे आडवी रेघ मारली. मला बरं वाटायला लागलं होतं. हालिना आंटीनं सहाव्याचं पान घेतलं, दोन ओळी वाचून बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं ते सगळं मनात वाचलं. मग चष्मा काढून पुसला.

"हे मी सावकाश सांगते," ती म्हणाली. "ह्याची लहान बहीण हॉस्पिटलात आहे. हिवाळा आहे. हा बाहेर रस्त्यावर उभा आहे, कारण मुलांना आत सोडत नाहीत. तो देवाला सांगतोय: सगळ्या खिडक्यांत दिवे होते. मी एकेक खिडकी बघितली. तू कोणत्या खिडकीत होतास?" ती थांबली. "आणि मग तेच तेच परत येतं. तू नाहीस असं मी म्हणत नाही. तू आला नाहीस, एवढंच म्हणतो."

एसी घरघरत होता. आईनं चहाचे कप गोळा केले, त्यातले दोन भरलेले होते, आणि ती आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. हालिना आंटीनं माझ्याकडे बघितलं, तिला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. पप्पा कागदाकडे बघत होते, पेन्सिल सहा आकड्यापुढे टेकलेली.

"उरलेली दोन?" ते म्हणाले.

उरलेल्या दोनांत वारा आणि लढाई होती.

ती गेल्यावर आई बाहेर आली, तोंड धुतलेलं. "शुभशुक्रवारी आपण काय म्हणतो मग?" ती कोणी विचारलं नसताना म्हणाली. "देवा, मला का सोडलंस, हेच ना? उभं राहून, चालीत म्हणतो. ह्या पोरानं ओरडून म्हटलं." मग पप्पांना, "अहो, लिहून टाका काही नाही म्हणून. पोराला जायचंय."

पप्पा म्हणाले, "बघतो."

त्यानंतरच्या शनिवारी ते मला घेऊन त्या खोलीशी गेले. आत फक्त पेटीधारक, असं दारावरच्या शिपायानं सांगितलं, म्हणून मी बाहेर पाण्याच्या कूलरपाशी बसलो. पप्पांच्या हातात कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलेलं एक पान होतं, खाली सही आणि शिक्का. मी ते गाडीत वाचलं होतं. एक ते आठ, प्रत्येक गाण्यापुढे एक ओळ. सहाव्यापुढे इंग्रजीत: मेलेल्या बहिणीबद्दल भावाची देवाकडे तक्रार. त्याच्यापुढे काही नाही, ना विरुद्ध ना बाजूनं.

"हे कशाला लिहिलंत?" मी गाडीत विचारलं होतं. ते समोर बघत म्हणाले होते की जे आहे ते लिहिलंय.

आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग भिंतीपलीकडून ड्रमचा दबलेला आवाज, नुसती धडधड. ती थांबली, थोड्या वेळानं परत सुरू झाली. मला वाटलं सगळा आल्बम तपासतायत. बराच वेळ गेला. पप्पा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पार्सल होतं. मी ते तिथेच उघडलं. देवदूताला छातीपासून खाली काळा मार्कर फासला होता, व्यवस्थित, कडेबाहेर न जाता. कॅसेटच्या वरच्या कडेला, जिथलं प्लास्टिक मोडलं की तिच्यावर परत काही भरता येत नाही, त्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा चिकटवलेला होता. त्याचा अर्थ मला कळला. जुन्या कॅसेटवर नवी गाणी भरताना आम्हीही तेच करायचो.

"कुठलं पुसलं?"

"सहावं."

गाडीत मी जे बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. चार महिने थांबलो, एक आठवडा राहिलाय, ह्या देशातून मला एवढंच न्यायचं होतं, असं बरंच. शेवटी मी विचारलं, "तुम्ही लिहिलं नसतं तर त्यांना कळलं असतं का?"

"नसतं."

"मग?"

सिग्नल लाल होता. पप्पांनी हँडब्रेक लावला, जो ते सिग्नलला कधी लावत नसत. "त्या गाण्यात काही नाही असं मी लिहिणार नव्हतो," ते म्हणाले.

मला ते अकाउंटंटचं उत्तर वाटलं. पुढची कित्येक वर्षं तसंच वाटत राहिलं.

त्या आठवड्यात मी उरलेली सात गाणी लावत होतो, मुद्दाम मोठ्यानं. आई इस्त्री करता करता थांबली आणि म्हणाली, "वरची गिटार आणि खालची गिटार, हे तर माझं आणि हालिनाचं आहे. ती खाली, मी वर, आणि बरोबर चालायचं." खरंच तसं होतं. पप्पा पेपरमागून म्हणाले, "आणि ड्रम म्हणजे आमचं पंचिंग मशीन." आई हसली. मी हसलो नाही. पाचव्या गाण्यानंतर टेप सुरू रहायची आणि आवाज नसायचा, पण तोही नुसता नसणं नव्हतं. बारीक सूं येत रहायचं, डेकच्या आतल्या मोटरचं असावं.  मग सातवं सुरू होई.

वसईला ती कॅसेट माझ्याबरोबर आली आणि खारट हवेत दोन पावसाळे टिकली. मी कॉलेज केलं, मग हिशेबाचंच पुढचं शिक्षण. आईपप्पा डिसेंबरच्या सुट्टीत येत. त्या पहिल्या डिसेंबरात पप्पा काकांच्या अंगणात पाण्याचा पंप उघडून बसले होते आणि नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होते. चार सूर चढत जायचे, वर थोडं थांबायचं, आणि मग एकदम खाली. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही." आई म्हणाली, "दाढी करताना रोज चालू असतं. चर्चमध्ये तोंड उघडत नाहीत आणि बेसिनसमोर गायन. मी विचारते कुठलं, तर सांगत नाहीत. आमच्यातलं नाही, इंग्रजी मिस्सेतलंही नाही. मी इतक्या चाली बसवल्या, ही मला काही सापडत नाही." पुढे ती चाल म्हणजे पप्पा घरात आहेत ह्याची खूण होऊन गेली. फोनवर मागे ऐकू यायची. माझ्या लग्नात टाय बांधताना यायची. मी तिच्याकडे कधी नीट कान दिला नाही, माणूस घड्याळाच्या आवाजाकडे देत नाही तसा.

नोकरीनं मला परत इथेच आणलं. आता शारजातल्याच अल नहदात तिसाव्याच्या जवळपासच्या मजल्यावर रहातो, खाली दुबईच्या दिशेनं गाड्यांची रांग. पप्पा निवृत्त होऊन वसईला गेले, आता थंडीचे महिने आईबरोबर आमच्याकडे काढतात. कानाला यंत्र लावतात. पंचिंग मशीननं कान खाल्ले, असं डॉक्टर म्हणाला.

ह्या जानेवारीत, शनिवारी, जेवणं झाली होती. आईनं फुगे तळले होते आणि माझी मुलगी आन्या, वय पंधरा, टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. तिला मी कधीतरी लहानपणच्या गोष्टींत त्या पोलंडवाल्यांचं सांगितलं होतं. बँडचं नाव काटक्यांसारखं होतं ते सांगितलं, देवदूत सांगितला. तिनं देवदूतावरून शोधलं.

"डॅड, इज धिस युअर क्रेझी बँड?"

देवदूत. काळा मार्कर नाही. त्याच्या हातात एक फूल होतं, ते मी पहिल्यांदाच बघितलं. खाली आठ गाण्यांची नावं. बँडच्या गिटारवाल्यानं जुना आल्बम स्वतःच चढवला होता, ऐकायला फुकट, विकत घ्यायचा तर हवे तितके पैसे द्या असं लिहून.

"प्ले द फर्स्ट वन?"

"सहावं लाव," मी म्हटलं.

सुरुवातीला दोनच गिटार होत्या. एक खालची, एक वरची. चार सूर चढले, वर थोडं थांबले, आणि एकदम खाली आले. मग ड्रम कोसळले आणि तो पोरगा ओरडायला लागला, पण चाल तीच, वरून सावकाश जाणारी. माझी बायको म्हणाली, "बाप रे, आवाज कमी कर." आन्यानं कमी केला. आई फुग्यांचं ताट हातात धरून उभी होती.

"अहो," ती म्हणाली. "हे तर तुमचं."

पप्पा खुर्चीत पुढे झुकले होते, कानाच्या यंत्रावर बोट ठेवून. गाणं संपेपर्यंत ते तसेच राहिले.

"तुम्ही हे कधी ऐकलंत?" मी विचारलं.

"पुसायचं तर सुरुवात कुठे, शेवट कुठे, ते बघावं लागतं ना," पप्पा म्हणाले. "शेवट त्या पोस्टातल्या साहेबांना सापडेना. हळू होतं, वाटतं संपलं, मग परत येतं. म्हणून दोनदा लावलं. त्यांनी माझा कागद समोर ठेवला होता. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी टेप थांबवली. मग म्हणाले, तुम नहीं लिखता तो मैं नहीं सुनता. मी म्हटलं, मालूम है सर."

"मला सांगायचं होतंत."

"तुला गाणं नव्हतं मिळालं. मला मिळालं होतं. कसं सांगणार?"

आईनं ताट खाली ठेवलं आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. आन्यानं, न विचारता, ते गाणं परत लावलं. ह्या वेळी आई चालीबरोबर बारीक आवाजात वरचा सूर धरून गायली, आणि पप्पा खालचा. त्यांचा आवाज फाटलेला होता, पण सुरात होता. माझ्या आठवणीत त्या दोघांना एकत्र गाताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

संपल्यावर पप्पांनी विचारलं, "पैसे दिलेस?"

"तेव्हा दिले होते की, दहा डॉलर. आठही गाण्यांचे."

"त्यांनी आठ पाठवली होती. आपल्यापर्यंत सात पोचली, तो त्यांचा दोष नाही. आणि हे मी ऐकलेलं. ह्याचे मी दिलेच नाहीत." त्यांनी पाकीट काढलं.

"आजोबा, यू कॅन्ट पे कॅश. इट्स ऑनलाइन."

"तुझा बाप कार्डानं देईल. मी त्याला देतो."

आन्यानं रकमेच्या चौकोनात दहा लिहिलं. खाली दुसरा चौकोन होता, विकत घेणाऱ्याचं नाव. तिनं माझं नाव लिहायला घेतलं.

"रोझी लिही," पप्पा म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे बघितलं. टेबलावरचा त्यांचा हात तिनं हातात घेतला.

"हू इज रोझी?" आन्यानं विचारलं.

आई म्हणाली, "तुझी आत्या."

रक्कम दहा अमेरिकन डॉलर, म्हणजे आजही छत्तीस दिरहम सत्तर फिल्स, रुपयांत मात्र आता दुपटीच्या वर. माझ्या कार्डावरून गेले, पोलंडमधल्या त्या गिटारवाल्याला, रोझीच्या नावे. पप्पांनी मला सदतीस दिरहम रोख दिले आणि तीस फिल्स परत मागितले नाहीत.